रेंज जिथे आहे तिथून घरात आणायची : जांबोटी–कणकुंबी पट्ट्यातल्या घरांसाठी

बेळगाव सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की फोनवरच्या काड्या एकेक करून गळायला लागतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी, पारवाड, चिगुळे, आमगाव, हेमाडगा या बाजूला चित्र नेहमीचं आहे. स्वयंपाकघरात फोन मुका, पडवीत एखादी काडी, आणि परसातल्या फणसाखाली उभं राहिलं की दोन तासांचे मेसेज एकदम वाजतात. डोंगर, दाट झाडी, जांभ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रा असं सगळं एकाच घराच्या वाट्याला आलेलं असतं.

अँटेना रेंज तयार करत नाही, हे आधी मनात पक्कं करा. ती असलेली रेंज गोळा करते. घराच्या आसपास ५०–६० मीटरमध्ये, जमिनीवर किंवा उंचावर, फोनला थोडीतरी रेंज मिळणारी एक जागा असेल तर त्या घरात फोन चालवता येतो. तशी जागाच नसेल तर कितीही महाग अँटेना आणली तरी पैसे वाया जातील. म्हणून खरेदी शेवटी करायची. आधी एक-दोन दिवस नुसतं मोजायचं.

आणि एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच. ऑनलाइन ‘मोबाईल सिग्नल बूस्टर’ म्हणून जे डबे मिळतात ते घेऊ नका. परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि त्यामागे कारण आहे. हा डबा मिळेल तो सिग्नल, त्यातल्या खरखरीसकट, मोठा करून परत टॉवरकडे फेकतो. त्याची आतली आणि बाहेरची अँटेना जवळ असली तर माईक स्पीकरसमोर धरल्यावर जशी शिट्टी वाजते तशी अवस्था होते, आणि त्या टॉवरवरच्या सगळ्या वाडीचे फोन तुटायला लागतात. इथे सांगितलेली पद्धत वेगळी आहे : सिमकार्डाचा राउटर, त्याला बाहेरची अँटेना, आणि घरात वायफाय. यात कुणाचा सिग्नल मोठा करून परत सोडला जात नाही.

पहिलं काम : काड्या नव्हे, आकडा बघा

काड्यांवर विसंबू नका. कुठल्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंथ दिसते. बऱ्याच फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल करूनही ते पान उघडतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करावं लागतं. सगळ्यात सोयीचं म्हणजे ‘नेटवर्क सेल इन्फो लाइट’सारखं एखादं मोफत अॅप टाका, कारण आपल्याला एकच नाही तर तीन गोष्टी हव्यात.

पहिली आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती पोचतो. हा आकडा वजा असतो आणि शून्याकडे जाईल तितका चांगला. −८० ते −९० म्हणजे निवांत. −१०० ला काम चालतं. −११० ला कॉल लागतो पण तुटतो. −१२० च्या खाली फोन नुसता बॅटरी खातो.

दुसरी एसआयएनआर, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे. १३ च्या वर चांगला, ० च्या आसपास रडतखडत, शून्याच्या खाली गेला तर काड्या भरलेल्या असूनही नेट चालत नाही. टेकडीवरच्या घरात हे फार होतं : चार बाजूंचे चार टॉवर एकदम ऐकू येतात आणि एकमेकांत मिसळतात. तिथे आणखी उंच जाऊन उपयोग नाही, एका दिशेलाच बघणारी अँटेना हवी.

तिसरी गोष्ट बँड, म्हणजे टॉवर लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर बोलतोय. ती पुढे कामाला येते.

डीबीचा हिशेब एकदा लक्षात ठेवा. ३ डीबी वाढले म्हणजे शक्ती दुप्पट, १० डीबी वाढले म्हणजे दहापट. −११० वरून −१०० वर येणं म्हणजे ‘थोडं बरं’ नाही, दहापट आहे.

आता वही-पेन घेऊन घराला फेरी मारा. स्वयंपाकघर, माजघर, पडवी, अंगण, गोठ्यामागे, परसाचं टोक, आणि शिडी लावून आढ्याच्या उंचीवर. प्रत्येक ठिकाणी फोन हातात स्थिर धरून अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा उशिरा बदलतो. चालता चालता वाचलेला आकडा मागच्या जागेचा असतो. सकाळी एकदा आणि रात्री आठ-नऊला एकदा मोजा. रात्री आरएसआरपी तितकाच राहून नेट मंदावलं तर दोष टॉवरवरच्या गर्दीचा आहे. गणपतीत पुण्या-मुंबईची माणसं गावी आली की हेच होतं, आणि त्याला अँटेना हा इलाज नाही.

टॉवर कुठल्या दिशेला आहे हे अंगाच्या आडोशाने कळतं. फोन छातीशी धरून उभे राहा आणि एकेक अष्टमांश फेरा घेत वळा. टॉवरकडे पाठ झाली की आपलंच शरीर आड येतं आणि आकडा काही डीबीने पडतो. सगळ्यात चांगला आकडा येईल ती दिशा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर टॉवरच्या जागा नकाशावर दिसतात, त्याच्याशी ताडून पाहा. काही फोनच्या अॅपमध्ये टायमिंग अॅडव्हान्स, म्हणजे टीए, असा आकडा दिसतो. फोरजीमध्ये त्याचा एक अंक म्हणजे साधारण ७८ मीटर, तेव्हा टीए ४० दिसला तर टॉवर तीन किलोमीटरच्या थोडा पुढे आहे. दरीतल्या घरात मात्र नकाशा आणि आकडा जुळत नाहीत कधी कधी. टॉवर पूर्वेला, आणि चांगली रेंज पश्चिमेच्या डोंगरावर आपटून परत आलेली. अशा वेळी आकड्याचं ऐका.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये मोजत असाल तर १० डीबी हाताशी राखून ठेवा. पाऊस स्वतः या लहरींना फारसा अडवत नाही, पण भिजलेली पानं अडवतात. मे महिन्यात −१०५ वर कसाबसा चालणारा फोन आषाढात झाडी गच्च ओली झाली की बंद पडतो, आणि लोक टॉवर बिघडला म्हणतात.

कुठली कंपनी, कुठला बँड

लहरी जितक्या लांब तितक्या त्या झाडीतून आणि डोंगराच्या कडेवरून जास्त वळून येतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर, २३०० ची फक्त १३. म्हणून डोंगराआडच्या घरात ७००, ८५० आणि ९०० हेच बँड आधी येतात. देशात जिओचं फोरजी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं. एअरटेलचं ९००, १८००, २१०० आणि २३०० वर. बीएसएनएलच्या नव्या फोरजीत ७०० आणि २१०० आहेत. तुमच्या टॉवरवर यातलं प्रत्यक्ष काय चालू आहे ते अॅप दाखवेल : बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड २८ म्हणजे ७००, बँड ३ म्हणजे १८००, बँड ४० म्हणजे २३००. निर्णयाआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तिन्ही-चारही कंपन्यांची सिमं घेऊन त्याच त्याच जागी मोजा. ज्या कंपनीचं सिम आज खिशात आहे तीच तुमच्या घरासाठी बरी असेल असं काही नाही.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. चोर्ल्याकडे किंवा चंदगडच्या हद्दीला लागून घर असेल तर फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा. कंपनी तीच असली तरी दूरसंचारच्या हिशेबात कर्नाटक एक सर्कल, म्हणजे सेवेचा विभाग, आणि महाराष्ट्र-गोवा दुसरं. एअरटेलचं उदाहरण घ्या : अॅपमध्ये नेटवर्कचा क्रमांक ४०४ ४५ दिसला तर कर्नाटक, ४०४ ९० दिसला तर महाराष्ट्र-गोवा. पलीकडचा टॉवर धरला की फोन रोमिंगमध्ये जातो, आणि सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर चांगल्या रेंजमध्येही नेट ठप्प होतं. आधी ते चालू करा. राउटरमध्येही हे वेगळं बटण असतं आणि नवा राउटर येतो तेव्हा बहुतेक वेळा बंदच असतं. ‘रात्री नेट चालतं, सकाळी जातं’ या तक्रारीच्या मुळाशी हद्दीवरच्या घरात अनेकदा एवढंच निघतं.

पैसे न घालता आधी एवढं करून पाहा

फोनमध्ये फाइव्हजी बंद करून फोरजी ठेवा. लांबच्या फाइव्हजीच्या मागे लागून फोन सतत उड्या मारत राहतो. फक्त बोलण्यापुरतं हवं असेल आणि सिम एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं असेल तर नेटवर्क टूजीवर टाकून पाहा. जिओला टूजी नाही, त्यामुळे तिथे हा उपाय नाही.

जुना फोन घरात पडून असेल तर तो सगळ्यात स्वस्त राउटर आहे. त्यात सिम घाला, हॉटस्पॉट चालू करा आणि रेंज असलेल्या खिडकीत किंवा माळ्यावर चार्जरला लावून ठेवा. पत्र्याला अगदी लागून ठेवू नका. एप्रिलमध्ये पत्र्याखाली फोन इतका तापतो की चार्जिंग आपोआप थांबते आणि संध्याकाळपर्यंत हॉटस्पॉट बंद. पत्र्यापासून दोन हात खाली, वारा लागेल असा टांगा. बऱ्याच घरांचं काम इथेच होतं.

ग्रामपंचायतीपर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेची इंटरनेटची फायबर आली असेल तर तिथून घरापर्यंत जोडणी मिळते का हेही विचारून घ्या. मिळत असेल तर खालचं काहीही करायची गरज नाही, थेट ‘राउटरवर फोन कॉल’ या भागाकडे जा.

अँटेना छपरावर, की राउटरच रेंजच्या जागी?

आता खर्चाचा निर्णय. तो तुमच्या वहीतल्या आकड्यांवरून घ्यायचा.

चांगली जागा घराच्या छपरावर असेल तर अँटेना वर, राउटर खाली, मध्ये १० मीटरपर्यंत केबल. चांगली जागा घरापासून दूर, म्हणजे परसाच्या टोकाला किंवा मागच्या टेकाडावर असेल तर अँटेनाची केबल तिथवर ओढू नका. त्याऐवजी बाहेर लावायचा, पाण्याला न जुमानणारा फोरजी राउटर घ्या. तो खांबावर बांधा आणि घरापर्यंत साधी नेटची वायर आणा. अँटेनाच्या केबलमध्ये दर मीटरला सिग्नल गळतो. नेटच्या वायरमध्ये १०० मीटरपर्यंत काही गळत नाही, आणि पीओई असलेल्या राउटरला वीजही त्याच वायरीतून जाते. वायर कॅट ६, बाहेर वापरायची काळ्या आवरणाची आणि शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण ५०–६० मीटरवर तिच्यातून राउटरला पुरेशी वीज पोचत नाही. मग तो दर तासाला बंद पडून चालू होत राहतो.

केबलचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. १८०० मेगाहर्ट्झला एलएमआर-४०० या जाड जातीच्या १० मीटर केबलमध्ये सुमारे २ डीबी जातात. तिच्याहून बारीक एलएमआर-२०० मध्ये साडेचार-पाच. आणि अँटेनासोबत फुकट येणाऱ्या बारीक आरजी-५८ मध्ये सात-आठ. म्हणजे १० डीबीची अँटेना आणली, तिला १० मीटर बारीक केबल लावली, तर हातात उरतात दोन-तीन डीबी. एवढ्यासाठी छपरावर चढायला नको. केबल शक्य तितकी आखूड ठेवा, राउटरच माळ्यावर चढवा, आणि जाड केबलच घ्या. जाड केबल बोटाएवढी असते आणि तिला तीव्र वळण सहन होत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात गोल वळसा द्या.

अँटेना कुठली? समुद्रावर शिडाच्या होडीत मोबाईलची अँटेना डोलकाठीच्या टोकाला बांधतात आणि ती चारही दिशांना ऐकणारी असते, कारण होडी सारखी तोंड फिरवत असते. घर फिरत नाही. म्हणून उंचीचा धडा तिथून घ्यावा, पण अँटेना एका दिशेची घ्यावी. तिचा जोर एकाच बाजूला लागतो आणि बाकीच्या टॉवरची खरखर कमी होते. ऑनलाइन दिसणाऱ्या पांढऱ्या काठीसारख्या सर्वदिशी अँटेना आपल्या दऱ्याखोऱ्यांत बहुतेक निराशा करतात.

एका दिशेच्या अँटेनांत नवख्याने लॉग पिरिऑडिक, म्हणजे एलपीडीए घ्यावी. ७०० ते २७०० मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यावर चालते, ९–११ डीबी देते, आणि उद्या कंपनी बदलली तरी कामाला येते. यागी एकाच बँडला बांधलेली असते. तिच्यात थोडा जास्त जोर मिळतो, पण १८०० ची यागी ९०० च्या टॉवरकडे लावली तर ती नुसती अॅल्युमिनियमची शिडी.

सामानाची यादी साधारण अशी होते : दोन एलपीडीए अँटेना, दोन सारख्या लांबीच्या एलएमआर-४०० केबल (एका टोकाला एन जातीचा जोड, दुसऱ्याला एसएमए जातीचा), बाहेरच्या अँटेनासाठी दोन एसएमए सॉकेट असलेला आणि बँड निवडता येणारा फोरजी राउटर, दीड इंची जीआय पाईपची ६ मीटरची एक लांबी, आडव्या दांडीसाठी एक मीटर पाईप, यू-क्लॅम्प, दोन एन-टाइप लाइटनिंग अरेस्टर (केबलमधून येणारी वीज अर्थिंगला सोडणारे), अर्थिंगचा गज आणि वायर, एक रबर टेप, दोन चांगल्या पीव्हीसी टेप, एक इंची पीव्हीसी कंड्युट. राउटरवरच्या सॉकेटकडे नीट बघा : मधोमध भोक असेल तर ते एसएमए, फोरजीचं. मधोमध सुई असेल तर ते वायफायचं, उलट्या जातीचं, आणि त्यात आपली केबल आट्यांवर बसली तरी सुईला सुई भिडते आणि जोड नीट होत नाही. दोन सॉकेटांना दोन अँटेना लागतात. एकच लावली तरी चालतं, वेग कमी मिळतो. नुसत्या बोलण्यासाठी आणि मेसेजसाठी एक पुरे.

खांब उभा करणे

कौलांतून पाईप बाहेर काढू नका. कणकुंबीकडचा पाऊस त्या भोकातून घरात येणारच. घराच्या कडेच्या त्रिकोणी भिंतीला पाईप बाहेरून धरा. खालचा दीड-दोन मीटर भाग भिंतीला, एकमेकांपासून किमान एक मीटर अंतरावर दोन क्लॅम्प, शक्य असेल तर तीन. शेवटच्या क्लॅम्पवर तीन मीटरपेक्षा जास्त पाईप मोकळा सोडायचा असेल तर तीन बाजूंनी ताणाच्या तारा हव्यात. सिमेंटच्या भिंतीत फास्टनर बसतो. जांभ्याच्या जुन्या चिऱ्यात आणि मातीच्या भिंतीत तो धरत नाही, पहिल्याच वाऱ्यात भुसा काढून बाहेर येतो. तिथे आरपार बोल्ट घालून आतून पट्टी लावा, किंवा पाईप जमिनीत दोन-अडीच फूट काँक्रीटमध्ये पुरून भिंतीला नुसता टेकवून बांधा.

विजेच्या तारा वरून किंवा जवळून जात असतील तर खांब कुठल्याही बाजूला पडला तरी तारेला शिवणार नाही इतकं अंतर ठेवा. हे जमत नसेल तर ती जागा सोडा. लोखंडी पाईप उभा करताना दोन माणसं हवीत, आणि एकाने फक्त वर तारांकडेच बघायचं.

अँटेना पत्र्याच्या आढ्यापासून निदान एक मीटर वर असू द्या. पत्र्याला लागून ठेवली तर पत्र्यावरून उलटणारा सिग्नल घोळ घालतो. दोन अँटेना आडव्या दांडीच्या दोन टोकांना लावा : एक ४५ अंश डावीकडे कललेली, दुसरी ४५ अंश उजवीकडे. मागून पाहिलं तर दोघींची फुली दिसायला हवी. टॉवरवरच्या अँटेना तशाच फुलीत बांधलेल्या असतात म्हणून हे. आणि आखूड काड्यांचं टोक टॉवरकडे, लांब काड्या मागे. उलटी लावलेली अँटेना बऱ्याच छपरांवर दिसते.

दिशा लावणे

हे काम घाईचं नाही, निदान तासभर द्या. यू-क्लॅम्प हाताने फिरेल इतपतच आवळा. एकजण वर, एकजण खाली राउटरचं पान उघडून. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. खडूने लिहिलेल्या दिशेच्या ४५ अंश डावीकडून सुरुवात करा. दर वेळी १५ अंश फिरवा, पूर्ण एक मिनिट थांबा, खालच्याने आरएसआरपी आणि एसआयएनआर दोन्ही मोठ्याने वाचायचे, लिहायचे, मग पुढे. ४५ अंश उजवीकडे पोचलात की वही बघा. आरएसआरपी −९२ आणि एसआयएनआर ४, किंवा −९५ आणि १५, असे दोन पर्याय असतील तर दुसरा घ्या. नवखा माणूस हमखास पहिला घेतो आणि मग काड्या भरून नेट का रांगतं ते त्याला कळत नाही.

दिशा ठरली की क्लॅम्प पूर्ण आवळा आणि पाईप व क्लॅम्प यांवर मिळून ऑइलपेंटची एक उभी रेघ ओढा. पावसाळ्यानंतर ती रेघ तुटलेली दिसली तर वाऱ्याने अँटेना फिरली हे खालूनच कळतं.

साधारण अपेक्षा काय ठेवावी? स्वयंपाकघरात −११८, आढ्याच्या वर चार हात −९७, आणि त्यावर अँटेनाचे केबल वजा जाता सात-साडेसात डीबी, म्हणजे −९० च्या आसपास. बहुतेक कमाई पत्र्याखालून बाहेर आणि वर गेल्याची असते. अँटेनाचा वाटा त्यानंतरचा.

पाणी, वानरं आणि वीज

पाणी जोडात शिरतं आणि केबलच्या जाळीतून आत उतरत जातं. पहिल्या पावसाळ्यात काही कळत नाही, दुसऱ्यात सिग्नल हळूहळू मरतो. उघड्यावरच्या प्रत्येक जोडाला तीन थर हवेत : आधी पीव्हीसी टेपचा एक, त्यावर रबर टेप ताणून, परत पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, कौलं रचतात तसा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक वेढा पाण्याला आत घेणारी पन्हळ होतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडावर लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबल घरात शिरण्याआधी भोकाच्या खाली वीतभर लोंबता झोल द्या, पाणी झोलाच्या टोकाशी टपकेल. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. पांढरे केबल टाय एक-दोन उन्हाळ्यांत कडकडून तुटतात, काळे घ्या.

वानरं लोंबती केबल दिसली की ओढणारच, खांबावर बसणारच. केबल खांबापासून भिंतीच्या भोकापर्यंत सगळी कंड्युटमध्ये घाला. आडवी दांडी एक मीटरपेक्षा लांब करू नका, नाहीतर ती झोपाळा होते.

वळवाचा पाऊस हा आपल्याकडचा खरा धोका. एप्रिल-मेच्या दुपारी दोन-तीन वाजता ढग चढले की तासाभरात कडकडाट सुरू होतो आणि आपला खांब आता घरातली सगळ्यात उंच लोखंडी वस्तू आहे. खांबाला ८ गेजची जीआय तार किंवा पट्टी जोडून ती सरळ, वळणं न घेता, अडीच-तीन मीटर खोल गाडलेल्या अर्थिंगच्या गजाला न्या, आणि तो गज घराच्या अर्थिंगलाही जोडून घ्या. दोन वेगळी अर्थिंग ठेवली तर वीज एकीकडून दुसरीकडे जाताना तुमच्या राउटरमधून जाते. केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर, त्याची तारही त्याच अर्थिंगला. परसातून नेटची वायर आणली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना नेटवर्कचा सर्ज प्रोटेक्टर लावा. हे सगळं आसपास पडलेल्या विजेपासून वाचवतं. थेट अंगावर पडलेल्या विजेपुढे काहीच टिकत नाही. म्हणून ढग गडगडायच्या आधी केबल राउटरमधून काढून ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. गडगडाट सुरू झाल्यावर काढायला जाऊ नका.

लाईट गेल्यावरचा हिशेब सोपा आहे. राउटर ८ ते १० वॉट घेतो. १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस, ज्यात ३० वॉट-तासांची बॅटरी असते, तीनएक तास चालवतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते तेव्हा टॉवरचीही बॅटरी संपते, आणि तिथे आपला इलाज चालत नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या टॉवरवर चालणारं एक सिम घरात चालू ठेवावं.

राउटरवर फोन कॉल

आता घरात वायफाय आहे. कॉल लागण्यासाठी प्रत्येक फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे नेहमीचा कॉल वायफायवरून नेण्याची सोय, चालू करा. सेटिंगमध्ये सिमच्या किंवा कॉलच्या पानावर हे बटण असतं. राउटरमधलं सिम एका कंपनीचं आणि फोनमधलं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. जिओ आणि एअरटेल दोघांकडे ही सोय २०२० च्या सुरुवातीपासून आहे, वेगळे पैसे नाहीत, समोरच्याला नेहमीचाच नंबर दिसतो.

तरी एक गोष्ट अडते. फोन घरातल्या −११८ च्या मरतुकड्या सिग्नलला चिकटून बसतो आणि वायफायवर जायला तयारच होत नाही. अशा वेळी एअरप्लेन मोड चालू करा आणि मग फक्त वायफाय परत चालू करा. कॉल वायफायवरूनच जाईल, आणि बॅटरीही दिवसभर टिकेल. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनला हे एकदा लावून देऊन त्यांच्यासमोर दोन-चार कॉल करून दाखवा. बँकेचा ओटीपी वायफायवर येतो का तेही त्याच वेळी तपासा, काही फोनमध्ये येत नाही. आणि ११२ लावायची वेळ आली तर एअरप्लेन मोड काढून लावा : तो कॉल जी कुठली कंपनी ऐकू येईल तिच्या टॉवरवरून जातो.

सगळं लावूनही आकडा हलला नाही तर

या क्रमाने बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये अँटेना ‘इंटर्नल’वर राहिली आहे का, ती ‘एक्स्टर्नल’ करा. दोन्ही केबल काढून आकडा बघा : केबल लावल्यावर आणि काढल्यावर आकडा तोच असेल तर जोड आत टेकत नाहीये. एसएमएचा नट बोटांनी बसवून पाव फेरा आवळायचा, पक्कडीने पिळला की आतली सुई वाकते. दोन केबलींपैकी एकेक लावून बघा, एकीवर आकडा १५–२० डीबीने पडला तर ती केबल किंवा तिचा जोड गेला. सुरुवातीला चांगलं आणि आठवड्याने बिघडलं तर राउटर दुसऱ्या बँडवर गेला असेल. लांबचा ८५० किंवा ९०० सोडून तो जवळच्या वाटणाऱ्या २३०० ला धरतो. बँड ठरवून लॉक करा. आणि फक्त पावसाळ्यात बिघडत असेल तर जोडांवरची टेप सोडून आत बघा. तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर पुसून पुन्हा बसवू नका. केबलचं ते टोक वीतभर मागे कापून नवा जोड बसवून घ्या.